टाकीतली गर्दी आणि ताटातला मासा

वसई स्टेशनच्या पश्चिमेला गिरीजच्या दिशेने निघालं की अजूनही वाड्या लागतात. केळी, पालेभाज्या, फुलं, आणि वाडीच्या एका कोपऱ्यात बावखल. गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या पट्ट्यात पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारी ही छोटी तळी पिढ्यानपिढ्या आहेत. एके काळी त्यांच्यावर रहाट चालायचे आणि वाड्या शिंपल्या जायच्या. आजूबाजूच्या विहिरींचं पाणीही त्यांच्यामुळेच टिकायचं. बावखलात मासेही असतात. त्यांना कोणी खाद्य टाकत नाही, पंप लावत नाही, तरी ते जगतात. मात्र ते मोजकेच असतात.

आता त्याच वाडीत शेड उभारून त्यात गोल टाक्या ठेवल्या, पाणी गाळून पुन्हापुन्हा वापरलं आणि बावखलात वर्षभरात जेवढे मासे होतात त्याच्या कितीतरी पट मासे एकाच टाकीत वाढवले, तर? या पद्धतीला ‘रिसर्क्युलेटरी अ‍ॅक्वाकल्चर’ म्हणतात आणि मत्स्यशेतकरी तिला थोडक्यात ‘आरएएस’ म्हणतात. जागा कमी, पाणी कमी आणि उत्पादन जास्त हे तिचं आकर्षण. वाडीची जमीन गुंठ्यांत मोजावी लागणाऱ्या भागात ते कोणालाही पटण्यासारखं आहे.

पण हजार लिटर पाण्यात मासे किती ठेवायचे, या एका प्रश्नावर हे सगळं गणित उभं आहे. तो फक्त शेतकऱ्याच्या नफ्याचा प्रश्न नाही. माशाचं आरोग्य, त्याला दिली जाणारी औषधं आणि शेवटी मासा खाणाऱ्याचं आरोग्य त्यात गुंतलेलं आहे.

पंचावन्न किलोचा हिशेब

केंद्र सरकारने २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली. त्यात आरएएस प्रकल्पांना अर्थसहाय्य आहे. सर्वसाधारण गटातल्या लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के. योजनेत मोठ्या प्रकल्पाची व्याख्या अशी होती : किमान ९० घनमीटरच्या आठ टाक्या, एका हंगामाला ४० टन उत्पादन, खर्च ५० लाख रुपये. मध्यम प्रकल्पासाठी किमान ३० घनमीटरच्या सहा टाक्या, १० टन उत्पादन आणि २५ लाख रुपये. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्यामुळे या धंद्याकडे वळू पाहणाऱ्यांची उत्सुकता आणखी वाढली आहे.

या आकड्यांचा भागाकार करून पाहावा. आठ टाक्यांचे ७२० घनमीटर पाणी आणि ४० टन मासे. म्हणजे एक घनमीटर, अर्थात हजार लिटर पाण्यात सुमारे ५५ किलो मासे. मध्यम प्रकल्पातही उत्तर तेच येतं. अर्धा किलोचा एक मासा धरला तर हजार लिटरमध्ये ११० मासे, एका माशाच्या वाट्याला जेमतेम नऊ लिटर पाणी. म्हणजे घरातली एक छोटी बादली.

तुलनेसाठी रोहू, कटला, मृगळ यांचं नेहमीचं तळ्यातलं पालन घ्या. हेक्टरी वर्षाला चार-पाच टन मासे निघाले तर ते चांगलं उत्पादन समजलं जातं. दीड मीटर खोल पाणी धरलं तर हजार लिटरला अर्धा किलोही पडत नाही. टाकीतली गर्दी तळ्याच्या शंभर पटीहून जास्त असते ती अशी.

मग एवढी गर्दी म्हणजे माशांचा छळच का? उत्तर सरळ ‘हो’ असं नाही. ते समजून घ्यायचं तर माशाच्या शरीरात डोकावावं लागतं.

अडचण जागेची नव्हे, श्वासाची

माणूस ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये २७० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. वसईच्या हवामानात, २८ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो. म्हणजे मासा मुळातच आपल्यापेक्षा तीसपटीहून विरळ प्राणवायूवर जगतो. त्यासाठी निसर्गाने त्याला कल्ले दिले आहेत. कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यांतून रक्त एका दिशेने वाहतं आणि पाणी उलट दिशेने, त्यामुळे पाण्यातला बराचसा प्राणवायू शोषला जातो. पण पाण्यातच तो नसेल तर कल्ले तरी काय करणार?

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा टाक्यांमध्ये सर्रास वाढवला जाणारा मासा. खाद्य खाऊन झाल्यावर तो किलोमागे तासाला साधारण ३०० मिलिग्रॅम प्राणवायू वापरतो. ५५ किलो मासे असलेल्या हजार लिटर पाण्यातून तासाला साडेसोळा ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. लिटरचा हिशेब केला तर तासाला साडेसोळा मिलिग्रॅम. पाण्यात त्या क्षणी असतो सहा मिलिग्रॅम. म्हणजे हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला तर पंधरा मिनिटांत पातळी दोन मिलिग्रॅमवर येते. त्यानंतर मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतात. प्रत्यक्षात पाण्याच्या पृष्ठभागातून थोडा प्राणवायू मिळत राहतो, म्हणून काही मिनिटं इकडेतिकडे होतील, पण हिशेब तासांचा नाही, मिनिटांचाच.

त्याच टाकीत ५५ ऐवजी पाच किलो मासे असते, तर तेवढीच पातळी खाली यायला अडीच तासांच्या आसपास लागले असते. जोरदार पावसात, वाऱ्यात वीज जाणं हा कोकणपट्टीत सगळ्यांच्याच अनुभवाचा भाग आहे. विरळ टाकीचा मालक अशा वेळी जनरेटर दुरुस्त करणाऱ्याला फोन करू शकतो. दाट टाकीच्या मालकाला तेवढीही उसंत नसते. म्हणून दाट साठवणूक करायची असेल तर आपोआप सुरू होणारा जनरेटर आणि त्याच्या जोडीला प्राणवायूचं सिलिंडर ही चैन राहत नाही. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरला जसा बॅटरीचा आधार लागतो, तशीच ही गरज आहे.

पाण्यातला अमोनिया, रक्तातला अमोनिया

प्राणवायूची कमतरता लगेच दिसते. अमोनियाचं विष मात्र हळूहळू चढतं.

प्रथिनं पचवली की अमोनिया तयार होतो. माणसाचं यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया वाढतो तेव्हा तो असंबद्ध बोलू लागतो, गुंगीत जातो, कधी बेशुद्ध होतो. बहुतेक मासे युरिया बनवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते अमोनिया थेट कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. नदीत, समुद्रात हे सोयीचं असतं, कारण भोवती अमाप पाणी असतं. टाकीत ते नसतं. पाण्यातच अमोनिया वाढला की माशाच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडेनासा होतो. मासा वेडावाकडा पोहू लागतो, खाणं सोडतो, त्याचे कल्ले सुजतात. शेवटी जे होतं ते यकृताच्या रुग्णासारखंच असतं.

याचंही गणित सोपं आहे. ५५ किलो माशांना वजनाच्या दोन टक्के खाद्य दिलं तर दिवसाला एक किलोहून थोडं जास्त होतं. चांगल्या प्रथिनयुक्त खाद्याच्या एका किलोतून सुमारे ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. म्हणजे रोज लिटरमागे ३३ मिलिग्रॅमच्या आसपास. तो काढून टाकला नाही तर पहिल्या दिवसातच मासे संकटात येतील.

तो काढण्याचं काम जिवाणू करतात. टाकीतलं पाणी आधी घाण गाळणाऱ्या यंत्रातून आणि मग प्लास्टिकच्या छोट्या चकत्यांनी भरलेल्या बायोफिल्टरमधून फिरवलं जातं. त्या चकत्यांवर वाढलेले एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तर दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं. मातीतली हीच प्रक्रिया शेतात पिकांना नत्र पुरवते. मात्र हे जिवाणू सावकाश वाढतात. नवा बायोफिल्टर पूर्ण क्षमतेने चालायला चार ते सहा आठवडे लागतात. अनेक नवे प्रकल्प इथेच फसतात. टाक्या भरल्या, यंत्रं सुरू झाली, बीजही आलं, पण फिल्टर अजून तयारच झालेला नसतो.

अमोनिया किती घातक हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २८ अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की तो साडेसहा टक्क्यांवर जातो. जिवाणूंच्या कामामुळे पाणी आम्लधर्मी होत जातं, म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालावा लागतो. कमी घातला तर जिवाणू मंदावतात, घाईने जास्त घातला तर तोच अमोनिया जवळपास दसपट विषारी होतो. विरळ टाकीत ही चूक पचून जाते. दाट टाकीत माफी नसते.

तपकिरी रक्त

बायोफिल्टरचा दुसरा टप्पा मागे पडला तर पाण्यात नायट्राइट साचतं. ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करून टाकतं. हे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि कापला तर रक्त चॉकलेटी दिसतं.

हा आजार माणसालाही होतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी तान्ही मुलं निळी पडत होती. त्या पाण्यातलं नायट्रेट हे त्याचं कारण असल्याचं १९४५ मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरने दाखवून दिलं. बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि पुढचं सगळं माशासारखंच घडतं.

माशांसाठी यावर साधा उपाय आहे : मीठ. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांच्या एकाच दारातून आत शिरतात. क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइट बाहेरच राहतं. पण वसईच्या बाबतीत या उपायाला एक पुरवणी जोडावी लागते, तिच्याकडे पुढे येऊ.

आणखी एक दुर्लक्षित वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. मासे जेवढा प्राणवायू घेतात त्याहून जास्त वजनाचा कार्बन डायऑक्साइड सोडतात. दाट टाकीत शुद्ध प्राणवायू सोडला की मीटरवरचा आकडा उत्तम दिसतो, पण हवेचे बुडबुडे कमी झाल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. दम्यासारख्या जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णाला नुसता प्राणवायू वाढवून दिला की बोटावरचं यंत्र ९५ दाखवतं आणि रुग्ण मात्र गुंगीत जात असतो, तसंच हे. ट्राउट, सामनसारख्या माशांमध्ये दीर्घकाळ वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मूत्रपिंडात कॅल्शियमचे खडे साचतात. चिलापी आणि पंगस याबाबत बरेच चिवट, पण त्यांचीही वाढ मंदावते.

गर्दीचा ताण

समजा पाणी उत्तम राखलं. मग नुसत्या गर्दीचा त्रास होतो का?

व्हिएन्नात जन्मलेल्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये, कॅनडात काम करत असताना, उंदरांवरच्या निरीक्षणांतून शरीराच्या ताणाला मिळणाऱ्या प्रतिसादाची मांडणी केली. थंडी असो, जखम असो वा विष, शरीर आधी सावध होतं, मग तग धरतं आणि शेवटी थकतं. माशांतही हेच घडतं आणि संप्रेरकही तेच असतं : कॉर्टिसॉल. गर्दीत, धक्काबुक्कीत, वारंवार जाळ्यात उचलल्यावर माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, साखर चढते. हे काही तासांपुरतं असेल तर बिघडत नाही. पण आठवडेच्या आठवडे चाललं तर खाल्लेलं अन्न वाढीऐवजी तगून राहण्यात खर्च होतं, पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट घटतात, अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर विरळ होतो आणि पाण्यात कायम असलेले जंतू आत शिरतात.

हा तोटा खाद्याच्या बिलातही दिसतो. एक किलो मासा वाढवायला १.४ किलो खाद्य लागायचं तिथे ताणामुळे १.८ किलो लागलं, तर ४० टनांच्या हंगामाला १६ टन खाद्य जास्त जातं. टाकीत जास्त मासे कोंबून मिळवलेलं उत्पादन असं हळूच निसटतं.

पण गोष्ट एकतर्फी नाही. चिलापी टाकीत फार थोडे असले तर नर आपापली हद्द आखतात आणि दुर्बळांना चावे घेत पिटाळतात. संख्या वाढली की हद्द राखणं अशक्य होतं आणि भांडणं कमी होतात. म्हणजे ‘जितके विरळ तितके सुखी’ हा माणसाच्या मनातला हिशेब प्रत्येक माशाला लागू पडत नाही. कोकणातल्या खाजणांचा लाडका जिताडा याच्या उलट. तो आपल्याच लहान भावंडांना गिळतो, त्यामुळे तिथे संख्येइतकंच आकारानुसार वेगळं करणं, म्हणजे प्रतवारी, महत्त्वाची ठरते.

स्कॉटलंडमधल्या समुद्री पिंजऱ्यांतल्या सामन माशांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. घनमीटरला सुमारे २२ किलोच्या पुढे माशांची प्रकृती खालावू लागते, असं त्यात आढळलं. पण केवळ घनतेवरून एखाद्या पिंजऱ्यातल्या माशांचं आरोग्य सांगता येत नाही, पाण्याची स्थिती आणि देखभालही तितकीच मोजावी लागते, हेही त्याच अभ्यासाने बजावलं. नॉर्वेने सामनच्या समुद्री पिंजऱ्यांसाठी कायद्यानेच २५ किलोची मर्यादा घातली आहे. आपल्याकडचा ५५ चा आकडा वेगळ्या माशांसाठी आणि वेगळ्या पद्धतीसाठी आहे, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करू नये. पण योजनेतला आकडा हे उत्तम चालणाऱ्या यंत्रणेचं कमाल उद्दिष्ट आहे, नव्या माणसाने पहिल्याच हंगामात गाठायची पायरी नाही, एवढं लक्षात ठेवावं.

रिकाम्या टाकीचा भुलावा

नवखा शेतकरी फसतो तो पहिल्या महिन्यात. दहा ग्रॅमची १२० बोटुकली हजार लिटर पाण्यात सोडली तर त्यांचं एकूण वजन होतं फक्त १.२ किलो. टाकी ओस वाटते. बीज विकणारा म्हणतो, आणखी शंभर सोडा. पुढचे दोन-तीन महिने काही बिघडत नाही. मग प्रत्येक मासा तीन-चारशे ग्रॅमचा होतो, खाद्य वाढतं, ब्लोअर आणि फिल्टर तेच राहतात. आणि एका पहाटे मासे वर तोंड करून दिसतात. नुकसान होतं ते विक्रीच्या तोंडावर, सगळा खर्च होऊन गेल्यावर.

म्हणून मोजायचं ते सोडलेल्या बोटुकल्यांच्या नव्हे, काढणीच्या वेळच्या वजनाने. त्याहूनही चांगली मोजपट्टी म्हणजे रोजचं खाद्य. बायोफिल्टर दिवसाला किती किलो खाद्याचा मळ पचवू शकतो हे आधी ठरवावं आणि त्यावरून माशांची संख्या काढावी. पहिला हंगाम १५-२० किलोवर काढून, यंत्रणा हातात बसल्यावर हळूहळू वाढवणं शहाणपणाचं. सामू, अमोनिया, नायट्राइट रोज तपासावं, प्राणवायू दिवसातून अनेकदा. मासे नेहमीच्या उत्साहाने खाद्यावर झेपावले नाहीत तर ती पहिली धोक्याची घंटा समजावी. त्या दिवशी खाद्य बंद ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे. परांच्या कडा झिजणं, भिंतीला अंग घासणं, पाण्याच्या प्रवेशाजवळ गर्दी करणं ही त्यानंतरची लक्षणं. प्रशिक्षणासाठी फार लांब जायचीही गरज नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मुंबईत वर्सोव्याला आहे.

औषधाची बाटली आणि खाणारा

गर्दी, ताण आणि जंतू एकत्र आले की औषधाकडे हात जातो. इथे हा विषय माशापुरता राहत नाही.

बंदिस्त टाकीत प्रतिजैविक टाकलं की ते रोगजंतूंबरोबर बायोफिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकतं. अमोनिया उसळतो, मासे आणखी आजारतात. रुग्णाने मनानेच प्रतिजैविकं घेऊन आतड्यातले चांगले जिवाणू मारावेत आणि जुलाब ओढवून घ्यावेत, तसाच हा प्रकार. शिवाय जे जंतू वाचतात ते औषधाला दाद न देणारे असतात. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरत असल्याने त्यांना वाढायला आयतं घर मिळतं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविकं मत्स्यपालनात वापरायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. पण गर्दीच एवढी ठेवली की औषधाशिवाय निभाव लागत नाही, तर नियम पाळणं कठीण होतं. प्रतिजैविकांचा वापर कमी करण्याचा खात्रीचा मार्ग औषधाच्या कपाटाशी नव्हे, टाकीत बीज सोडतानाच सुरू होतो.

काही जंतू माणसालाही होऊ शकतात. उष्ण पाण्यातल्या चिलापीला हैराण करणारा ‘स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टिई’ हा त्यातला एक. नवजात बाळांमधल्या गंभीर संसर्गामुळे डॉक्टरांना तो परिचित आहे. सिंगापूरमध्ये २०१५ साली गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाल्ल्याने या जंतूची साथ आली आणि तिथल्या सरकारने असे कच्चे मासे देण्यावर बंदी घातली. आपल्याकडे मासे शिजवून किंवा तळूनच खाल्ले जातात आणि नीट शिजवल्यावर हा धोका उरत नाही. पण मासे साफ करताना हाताला जखम असेल तर काळजी घ्यावी, कच्च्या माशाची विळी आणि पाट कोशिंबिरीसाठी तसाच वापरू नये.

तग धरणारा मासा म्हणजे निरोगी मासा नव्हे, याचं ठळक उदाहरण थाई मांगूरचं. हा आफ्रिकी मांगूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून काळ्या, कुजक्या पाण्यातही दाटीवाटीने जगतो. कोंबड्यांच्या दुकानातला टाकाऊ भाग खाऊनही वाढतो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि ठाणे जिल्ह्यासह राज्यात अशा तळ्यांवर कारवायाही झाल्या आहेत. चांगला आरएएस प्रकल्प नेमका याच्या विरुद्ध टोकाला असतो. तिथे पाणी स्वच्छ राखलं, तरच मासा जगतो.

वसईच्या पाण्याचा प्रश्न

वसईत पाण्याचा विषय साधा नाही. टँकरसाठी होणारा बेसुमार उपसा आणि शहरीकरण यांविरोधात १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की किनाऱ्यालगतच्या विहिरींत खारं पाणी शिरतं, हे इथल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवायची गरज नाही. त्या दृष्टीने, रोज थोडंच नवं पाणी लागणारी ही पद्धत तळ्यांपेक्षा सोयीची आहे.

पण टाकीतून काहीतरी बाहेर पडतंच. दिलेल्या खाद्याच्या साधारण पाव भागाचा घन मळ होतो आणि पाण्यात नायट्रेट साचतं. केळीच्या वाडीला हे उत्तम खत आहे. तेच थेट बावखलात सोडलं तर शेवाळ माजेल, प्राणवायू संपेल आणि नायट्रेट झिरपून शेजारच्या विहिरीत उतरेल. नायट्राइटवरच्या मिठाच्या उपायाची पुरवणी ती हीच : टाकीत मीठ घातलं असेल तर ते पाणी वाडीला देऊ नये, नाहीतर जमीन खारावेल. चिलापी चुकूनही बावखलात जाता कामा नये. तो झपाट्याने पिलावळ वाढवतो आणि स्थानिक माशांचा घास काढून घेतो.

विकत घेणाऱ्यालाही काही गोष्टी पाहता येतात. कल्ले लाल असावेत, तपकिरी नव्हेत. पर फाटलेले, अंगावर व्रण असलेले मासे टाळावेत. टाकीतल्या माशाला कधी मातीसारखा वास येतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसात मातीतून दरवळतं तेच हे द्रव्य, आणि त्याने अपाय होत नाही. विक्रीआधी काही दिवस माशांना खाद्य न देता स्वच्छ पाण्यात ठेवलं की वास जातो. हे करणारा उत्पादक घाईत नाही, एवढं त्यावरून कळतं. मासे जवळच्याच प्रकल्पातून येत असतील तर मालकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत : हजार लिटरला किती किलो मासे ठेवता, आणि या हंगामात कोणतं औषध दिलंत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याला आकड्यात देता येतं, त्याला दुसऱ्याचं उत्तर द्यायची वेळ सहसा कमी येते.